घराची विक्री आणि गृहनिर्माण संस्था



या व्यासपीठावरून आपण आजवर संतांविषयी, इतिहासाविषयी, ग्रहताऱ्यांविषयी विद्वानांची भाषणे ऐकलीत. आज घर विकण्यासारख्या रुक्ष विषयावर बोलायला चालकांनी कामगार चळवळीतला माणूस उभा केला आहे. आमचे शाळेतले शिक्षण नववीपर्यंतचे. पुढचे काय ते कारखान्याच्या फाटकावर आणि कामगार न्यायालयाच्या बाकावर झाले. तेव्हा उणेअधिक पदरात घ्यावे. पण अलीकडे पगाराच्या तक्रारींइतकीच घराच्या कागदांची भेंडोळी घेऊन माणसे आमच्या कचेरीची पायरी चढतात, म्हणून हा विषय.

गावाकडचे सुटे घर विकले तर पायाखालची जमीनही त्याच्याबरोबर जाते. इमारतीतल्या गाळ्याचे तसे नाही. जिना सर्वांचा, गच्ची सर्वांची, पाण्याची टाकी सर्वांची. आणि जमीन? ती कोणाची, हाच खरा प्रश्न. 1963 च्या मालकी हक्काच्या सदनिकांच्या कायद्याने त्याचे उत्तर दिले आहे. बांधणाऱ्याने गाळेधारकांची सहकारी संस्था नोंदवून द्यावी आणि मग जमीन व इमारत खत करून त्या संस्थेच्या नावे करावी. या खताला अभिहस्तांतरण असे दातांना कसरत देणारे नाव आहे. (1970 च्या कायद्याखाली अपार्टमेंट म्हणून घोषित झालेल्या इमारतींची रीत निराळी, तिच्यात आज शिरत नाही.)

कायदा असा. आता नाशिकच्या सातपूर वसाहतीतल्या आमच्या एका टर्नरची गोष्ट ऐका. निवृत्त झाल्यावर त्याने शहरातला गाळा विकून सिन्नरकडे वडिलांच्या घरी जायचे ठरवले. इमारत वीस बिऱ्हाडांची, पण संस्था झालेलीच नव्हती. गिऱ्हाईक चांगले मिळाले, बोलणी झाली, आणि बँकेने त्या गिऱ्हाइकाला कर्ज नाकारले. कारण भागपत्र नाही, सात-बारावर अजून मूळ जमीनमालकाचे नाव, आणि संमतीचे पत्र द्यायला संस्थेचा चिटणीसही नाही. बिल्डर वारलेला. त्याचा मुलगा म्हणाला, "काका, पत्र देतो, पण आमचंही काही बघा." शेवटी पाव किंमत सोडून टर्नरने गाळा विकला. वीस वर्षे हप्ते फेडले त्याने, आणि विकताना मालकी सिद्ध करायला दुसऱ्याच्या मुलापुढे हात जोडावे लागले!

आम्ही त्याला विचारले, "अरे, वीस घरांत मिळून एक अर्ज तुम्हांला करता आला नाही?" बिल्डर सहकार्य करीत नसला तरी गाळेधारकांना उपनिबंधकाकडे जाऊन संस्था नोंदवता येते. 2008 पासून मानीव अभिहस्तांतरणाचीही सोय आहे. बिल्डर सही देत नसेल तर संस्थेने जिल्हा उपनिबंधकाकडे जावे. सुनावणी होते आणि त्याच्या सहीवाचून जमीन संस्थेच्या नावे चढते. टर्नर म्हणाला, "भाऊ, गळक्या टाकीसाठी वर्गणी मागायला गेलो तर लोक दार उघडत नव्हते. अर्ज कुठला करतो?"

तेव्हा संस्था असलेले घर बरे, यात वाद नाही. पण संस्था झाली म्हणजे सुटलो, असे समजणाऱ्यांनी पुढचे ऐकावे.

मुंबईत गावदेवीला 1915 साली सारस्वत मंडळींनी सहकारी गृहसंस्था उभी केली. भाड्याच्या कचाट्यातून सुटण्याचा तो मोठा मार्ग होता. पण एका ज्ञातीने एकत्र येऊन घरे बांधण्याच्या या प्रथेला दुसरी बाजूही आहे. अहमदाबादच्या पारशी गृहसंस्थेच्या खटल्यात 2005 साली सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व पारशांपुरते ठेवणारा उपविधी ग्राह्य धरला. तिथे निदान लिहिलेला नियम तरी होता. आपल्या गावात न लिहिलेलेच फार. आमच्या एका फिटरला घर आवडले, बयाणाही ठरला. मग विकणाऱ्याचा निरोप आला की कमिटीचे लोक 'नाराज' आहेत. फिटरचे आडनाव ऐकून ते नाराज झाले होते. वास्तविक सहकार कायद्याचे तेविसावे कलम पुरेशा कारणावाचून सभासदत्व नाकारू देत नाही, आणि अर्जावर तीन महिन्यांत काहीच न कळवल्यास अर्जदार सभासद झाला असे धरले जाते. पण विकणाराच कचरला, तर अर्ज करणार कोण?

आता पैशाची गोष्ट, आणि ती आमची स्वतःची आहे. चार वर्षांपूर्वी आम्ही राहता गाळा विकायला काढला. कमिटीने दोन लाख रुपये 'ऐच्छिक देणगी' मागितली. दिल्याशिवाय दाखला नाही. ऐच्छिक या शब्दाचा असा अर्थ आम्ही मालकांच्या तोंडूनही कधी ऐकला नव्हता! 9 ऑगस्ट 2001 च्या सरकारी परिपत्रकाप्रमाणे महानगरपालिका हद्दीत हस्तांतरणाचे अधिमूल्य 25,000 रुपयांहून जास्त घेता येत नाही. नगरपालिका नि ग्रामपंचायतींच्या हद्दीत मर्यादा त्याहून कमी. वर 500 रुपये शुल्क आणि घेणाऱ्याची 100 रुपये प्रवेश फी. वारसाच्या नावे करताना तर अधिमूल्यच नाही. आदर्श उपविधींप्रमाणे हस्तांतरणाला ना-हरकत दाखल्याची सक्तीही नाही. तो मागते बहुधा घेणाऱ्याची बँक.

हे सर्व आम्ही कागदावर मांडून चिटणीसांपुढे ठेवले. ते गृहस्थ शांतपणे उठले, कपाटातून इतिवृत्ताचे पुस्तक काढले आणि पान उघडून आमच्यापुढे सरकवले. वार्षिक सभेचा ठराव होता. विकणाऱ्याने देणगी द्यावी, सर्वानुमते संमत. खाली हजर सभासदांच्या सह्या, आणि त्यांत आमचीही! अठरा वर्षांत आम्ही त्या संस्थेच्या सभेला दोनदा गेलो. त्यांतली ही एक. कामगारांना सभेला आला नाहीत म्हणून रागे भरणारे आम्ही, चहा येईपर्यंत थांबून, काय चालले आहे ते न ऐकता हात वर करून आलो होतो. त्या वर्षी तळमजल्यावरचे एक कारकून घर विकत होते, आणि ठराव त्यांच्यासाठीच होता.

ठरावाने कायद्याची मर्यादा ओलांडता येत नाही, हे चिटणीसांना पटायला तीन पत्रे आणि उपनिबंधकांच्या कचेरीत दोन खेपा लागल्या. मग 25,000 घेऊन त्यांनी दाखला दिला.

त्याच आठवड्यात आम्ही परिपत्रकाची प्रत घेऊन त्या कारकुनांच्या नव्या पत्त्यावर गेलो. त्यांनी एक लाख भरले होते. आम्ही म्हणालो, परत मागण्याचा अर्ज आम्ही लिहून देतो, बरोबरही येतो. त्यांनी प्रत वाचली, घडी करून खिशात ठेवली, आणि विचारले, "भाऊ, त्या दिवशी तुम्ही माझ्या शेजारच्याच खुर्चीवर होता ना?"

आम्ही हो म्हटले. मग त्यांनी आत वळून चहा सांगितला, आणि आम्ही अर्ज लिहायला बसलो.