केंब्रिजचा शनिवार-रविवार

परदेशीं शिकावयास गेलेल्या मुलाशीं दूरध्वनीवर बोलतांना आईचा पहिला प्रश्न जेवणाचा असतो, वडिलांचा अभ्यासाचा. "काल कोठें फिरून आलास?" असें सहसा कोणी विचारीत नाहीं. घर गहाण टाकून काढलेल्या कर्जावर शिकणाऱ्या मुलाला तर सहलीचा उल्लेख करण्याचीहि चोरी वाटते. म्हणून कित्येक विद्यार्थी शनिवार-रविवार खोलींतच काढतात. नोव्हेंबरांत केंब्रिजला दुपारीं चारच्या सुमारास अंधार पडतो. अशा वेळीं बंद खिडकीशीं पुस्तक उघडून बसलेल्या मुलाचा अभ्यास किती होतो, हें त्याचें त्यालाच ठाऊक.

वास्तविक तेथील सहलीस पैसा फारसा लागत नाहीं. इंग्लंडांत खासगी शेतांतूनहि सार्वजनिक पाऊलवाटा जातात. नकाशांवर त्या दाखविलेल्या असतात, आणि त्यांवरून चालणाऱ्यास शेताचा मालक अडवूं शकत नाहीं. कॅम नदीच्या कांठच्या कुरणांतून ग्रँटचेस्टर हें खेडें अवघें दोन मैल. प्रथम तेवढें पुरे. पाय सरावले म्हणजे उत्तरेस, सुमारें पंधरा मैलांवरील ईलीकडे निघावें. सोबतीला निरनिराळ्या देशांचे दोघे-तिघे सहाध्यायी असावेत, आणि पावसाचा कोट विसरूं नये; तेथील पाऊस आपल्याकडच्यासारखा गर्जून येत नाहीं.

प्रदेश इतका सपाट कीं, ईलीचें प्राचीन कॅथीड्रल कित्येक मैलांवरून दिसूं लागतें. १३२२ सालीं त्याचा मधला मनोरा कोसळला. त्या जागीं उभारलेला अष्टकोनी मनोरा व त्यावरील लांकडी शिखर अवश्य पाहावें. परंतु महाराष्ट्रांतल्या मुलाला खरें नवल वाटतें तें वाटेवरच्या शेतांचें. पठारावर वाढलेल्या मुलाची समजूत अशी कीं, पाणी आणावयाचें असतें. विहीर, पाट, धरण, टँकर हीं सारीं त्याचींच साधनें. येथें पाणी घालवावें लागतें! फेन्स नांवाचा हा मूळचा दलदलीचा मुलूख. सतराव्या शतकांत व्हरमायडन या डच इंजिनियरानें सरळ कालवे खणून त्याचा निचरा केला. जमीन मोठी सुपीक निघाली. परंतु कुजलेल्या वनस्पतींच्या थरांची ती काळी माती वाळून आक्रसली, झिजली, आणि शेतें नद्यांच्याहि खालीं गेलीं. मग शेतांतलें पाणी वर चढविण्यासाठीं पवनचक्क्या आल्या, पुढें वाफेचीं यंत्रें आलीं. त्यांतलें १८३१ सालचें एक ईलीजवळ स्ट्रेटम येथें जतन करून ठेवलें आहे. पंप आजहि चालू आहेत. ते थांबले तर शेतें बुडतील.

एखाद्या शनिवारीं आगगाडींत सायकल घालून पीटरबरोच्या दक्षिणेस होम फेनपर्यंत जावें. १८५१च्या सुमारास तेथें एक लोखंडी खांब, माथा जमिनीच्या पातळीस ठेवून, पुरला होता. आज तो सुमारें ४ मीटर वर आलेला दिसतो. खांब जागचा हललेला नाहीं. जमीनच खालीं गेली. स्थापत्य शिकणाऱ्या मुलानें त्या खांबाशेजारीं उभें राहून मान वर करावी. फळ्यावरच्या आकृतीनें जें समजत नाहीं तें तेथें क्षणांत समजतें.

ज्या १८९९ सालीं रघुनाथराव परांजपे केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले, त्याच सालीं नॅशनल ट्रस्टनें विकेन फेनचा पहिला तुकडा विकत घेतला. तेथील जुनी दलदल राखून ठेविली आहे. भोंवतालचीं शेतें खचल्यामुळें ती आतां त्यांच्याहून उंच राहिली आहे, आणि तिच्यांतलें पाणी वाहून जाऊं नये म्हणून बांध राखावे लागतात. पाणी अडविण्याची ही खटपट मराठी मुलाच्या ओळखीची असते.