आधी तोंडावर, मग कागदावर

(सोसायटीच्या प्रजासत्ताक दिन कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरी साहेबांनी मला सैन्यातल्या शिस्तीवर बोलायला सांगितलं. शिस्त म्हटली की परेड, चकचकीत बूट आणि ओरडणारा हवालदार आठवतो. मी आज तिच्या कमी दिसणाऱ्या बाजूवर बोलणार आहे. वरिष्ठ आपल्या हाताखालच्या माणसाला समज कशी देतो आणि त्याचं मूल्यमापन कसं करतो, ही ती बाजू.

अधिकाऱ्याचं मूल्यमापन होतं ते एसीआर, म्हणजे वार्षिक गोपनीय अहवालात. तो सहसा तीन पायऱ्यांवर लिहिला जातो. रोज काम पाहणारा वरिष्ठ सुरुवात करतो, मग त्याचा वरिष्ठ आणि मग त्याच्याही वरचा. गुण एक ते नऊ अशा अंकांत देतात आणि सोबत माणसाचं थोडक्यात शब्दचित्र लिहितात. एकाचा राग-लोभ दुसऱ्याच्या नजरेतून सुटू नये, हा तीन पायऱ्यांमागचा हेतू. लेफ्टनंट कर्नलपर्यंतची बढती ठरावीक सेवेनंतर मिळते. कर्नल होण्यासाठी मात्र निवड मंडळापुढे जावं लागतं आणि तिथे हे जुने अहवाल बोलतात. कुणाचं दहा वर्षांपूर्वीचं एक वाक्यही तिथे आडवं येऊ शकतं.

म्हणूनच चांगला कमांडिंग ऑफिसर एक पथ्य पाळतो : जे कागदावर जाणार, ते आधी तोंडावर सांगायचं. शाबासकी सर्वांदेखत, कानउघाडणी बंद दाराआड. "तुम्ही कमी पडता" एवढं सांगून भागत नाही. कुठे कमी पडता, सुधारायला काय करायचं, त्यासाठी किती अवधी आहे, हेही सांगायचं. आणि त्या अवधीत लक्ष ठेवायचं. हे न करता वर्षअखेरीला एकदम खराब शेरा मारणं म्हणजे पाठीमागून वार करणं.

जवानांच्या बाबतीत हे काम बरंचसं सुभेदार साहेब करतात. समजा, एखादा जवान रजेवरून आठ दिवस उशिरा आला. गुन्हा तर आहेच, शिक्षाही होईल. पण अनुभवी सुभेदार आधी विचारतो, "घरी काय झालं?" पुष्कळदा जमिनीचा वाद किंवा आईचं आजारपण निघतं. मग युनिटमधून जिल्हाधिकाऱ्यांना किंवा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला पत्र जातं. शिक्षा होते ती होतेच, पण पुढच्या वेळी तो जवान उशिरा येण्याची शक्यता कमी होते.

मोठ्या शिक्षेची नोंद लाल शाईने होते. अशा चार लाल नोंदी झाल्या की जवानाला सेवेतून कमी करण्याची कारवाई सुरू होऊ शकते. जवानाला पेन्शनसाठी पंधरा वर्षांची सेवा लागते. तेराव्या वर्षी घरी पाठवलेल्या माणसाच्या कुटुंबाचं काय होत असेल, विचार करा. 2015 साली सर्वोच्च न्यायालयाने एका सैनिकाच्या प्रकरणात स्पष्ट केलं की केवळ चार नोंदी मोजून काढता येणार नाही. चौकशी हवी, त्याचं म्हणणं ऐकायला हवं, सेवा किती झाली आणि किती खडतर ठिकाणी झाली तेही पाहायला हवं.

दुसरं उदाहरण महिला अधिकाऱ्यांचं. पूर्वी बहुतेक शाखांमध्ये त्यांना कायम कमिशन मिळतच नव्हतं. त्यामुळे "यांना कुठे पुढे जायचंय" अशा समजुतीने त्यांचे अहवाल निष्काळजीपणे लिहिले गेले. पुढे कायम कमिशनचा मार्ग खुला झाला, तेव्हा त्याच अहवालांवर त्यांची पारख झाली. मार्च 2021 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या अन्यायावर बोट ठेवलं. लिहिणाऱ्यांच्या मनात द्वेष असेलच असं नाही. पण आळसाने लिहिलेल्या चार ओळींनीही तेवढंच नुकसान होतं.

आता हे सगळं आपल्या सोसायटीत कशाला, असं कुणी विचारेल. अहो, आपणही शेरे मारतच असतो. मुलांवर, सुनांवर, वॉचमनवर, कामाला येणाऱ्या मावशींवर. रात्रपाळीचा वॉचमन झोपतो म्हणून मीटिंगमध्ये तक्रार होते, ठराव होतो. त्याआधी त्याला बाजूला घेऊन "बाबा रे, दिवसा आणखी कुठे ड्यूटी करतोस का?" असं कुणी विचारलेलं असतं का? निकालाच्या दिवशी मुलाला बोलणारे आपण सहामाहीनंतर त्याच्याजवळ किती वेळा बसलो होतो?

डेहराडूनच्या मिलिटरी अकादमीत अधिकाऱ्याला एक क्रम शिकवतात : आधी देश, मग आपली माणसं आणि सर्वात शेवटी आपण. यातली मधली पायरी रोजच्या कामाची आहे. ज्याच्याबद्दल मत बनवायचं, त्याला आधी वेळ द्यावा लागतो. तेवढा दिला, तर पुढे कडक शेरा लिहावा लागला तरी हात कापत नाही आणि समोरच्यालाही तो मान्य होतो.

जय हिंद!