पेटीचे अस्तर : खळ, सरस की डिंक?

(वर्धा येथे शिक्षक व पंचायत सदस्यांसमोर केलेले भाषण)



मगनवाडीतील मगन संग्रहालय ३० डिसेंबर १९३८ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते खुले झाले. ग्रामोद्योगाची साधने जपण्याचा तो संस्कार आपल्या गावीही चालवता येईल. पेटी-चरखा, हार्मोनियम, दप्तराची लाकडी पेटी अशा वस्तू शाळांत व घरांत कोठे कोठे आहेत. त्यांचे कापडी अस्तर फाटले, की आपण हाताशी येईल त्याने नवे चिकटवतो. चूक तेथेच होते.

मी पाहिलेल्या एका पेटीत पांढरा कृत्रिम डिंक सढळ हाताने थापला होता. पुढे अस्तर बदलताना लाकडाचे ढलपे निघाले आणि तळाशी शाईने लिहिलेले देणगीदाराचे नाव त्यांबरोबर गेले. गावाच्या इतिहासातील एक ओळ पुसली गेली.

म्हणून नियम असा : जोड लाकडाहून दुबळा असावा आणि पुन्हा सोडवता यावा. पांढरा डिंक लाकडाच्या रंध्रांत भिनतो. रोजच्या वापराच्या नव्या पेटीस तो चालेल. रबराचे द्रावण कालांतराने पिवळे पडते व कापडावर डाग उमटवते. सरस मजबूत खरा, पण दमट हवेत मऊ पडतो आणि अतिकोरड्या उन्हाळ्यात ठिसूळ होतो. जुन्या पेटीस मैद्याची खळच उत्तम. ओलसर फडक्याने ती फुगते व अस्तर अलगद सुटते.

एक भाग मैदा पाच भाग पाण्यात कालवून मंद आचेवर सतत ढवळावा. खळ पारदर्शक व दाट झाली की निववावी. खादी आधी धुऊन आकसू द्यावी. खळ कापडास न लावता लाकडास पातळ लावावी. मग मध्यापासून कडेकडे तळव्याने दाबत जावे. झाकण उघडे ठेवून दोन दिवस सावलीत वाळवावे.

खळीस कसर व बुरशी लागते, हे खरे. त्यासाठी पुस्तकबांधणीत मोरचूद घालीत. परंतु ते विषारी असून लोखंडास गंज चढवते. चरख्याची चाती ज्या पेटीत राहते तेथे ते नकोच. पावसाळ्यानंतर पेटी उघडून वारा द्यावा, हा साधा उपाय पुरेसा आहे.

आणि जुने अस्तर काढण्यापूर्वी त्याखाली काही लिहिले आहे का, हे प्रथम पाहावे. दुरुस्ती करणारा आपल्यानंतरही येणार आहे; त्याची वाट आपण बंद करू नये, एवढीच विनंती.