उभ्या ट्रकचे तेल
(आलापल्ली येथे भरलेल्या ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



आपल्या मेळाव्यात शिक्षण, विवाहखर्च, शिष्यवृत्त्या अशा विषयांवर बोलण्याचा प्रघात आहे. यंदा कार्यकारी मंडळाने आम्हांस दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा आम्ही इंजिनाच्या तेलाचा विषय सुचविला आणि काही मंडळींना हसू आवरले नाही. त्यात त्यांचा दोष नाही. आमचे शिक्षण मॅट्रिकचे, आयुष्य गेले मुलांना शिकविण्यात. आम्ही काही मेस्त्री नव्हे. तथापि आलापल्लीच्या वस्तीतून एक फेरी मारावी, म्हणजे हा विषय ज्ञातीच्या सभेत का यावा हे ध्यानात येईल. आपल्या कितीतरी घरांपुढे एखादा जुना ट्रक उभा आहे. वर्षातून काही आठवडे तो चालतो आणि उरलेले दिवस झाडाखाली उभा असतो. तो वडिलांनी घेतलेला आहे, त्याचे हप्ते केव्हाच फिटलेले आहेत, आणि अडीअडचणीच्या वेळी घराला आधार देणारी तेवढीच एक वस्तू आहे. अशा वस्तूविषयी चार गोष्टी नीट समजून घेणे हे आम्हांस संसाराचेच काम वाटते.

आलापल्लीचे नाव झाले ते सागवानाने, आणि ते सागवान जंगलातून बाहेर काढले ते आधी बैलगाड्यांनी व हत्तींनी, आणि मागाहून ट्रकांनी. जमशेदपूरला टाटांच्या कारखान्यात जर्मनीच्या डेमलर-बेंझ कंपनीच्या सहकार्याने १९५४ साली ट्रक तयार होऊ लागले. ते सहकार्य १९६९ साली संपले. परंतु त्या घराण्यातील सहा सिलिंडरांची ६९२ आणि ६९७ ही इंजिने त्यानंतरही अनेक वर्षे निघत राहिली. आपल्याकडील बहुतेक जुन्या गाड्यांच्या पोटात हीच इंजिने आहेत. सांप्रत सूरजागडच्या लोहखनिजाचे अवजड ट्रक या रस्त्यांवरून धावतात. त्या कामी आपली जुनी गाडी पुरी पडत नाही. तिच्या वाट्याला उन्हाळ्यात तेंदूपत्ता, हिवाळ्यात धान, मधूनच कोणाच्या घरकामाच्या विटा, एवढेच काम उरले आहे. पावसाळ्यात तर जंगलातील वाटा बंद होतात, भामरागडकडे पर्लकोटा नदी पुलावरून वाहू लागते, आणि गाडी तीन-चार महिने जागची हलत नाही.

आमच्या परिचयाच्या एका घरी असाच ट्रक होता. घरधनी निवर्तल्यावर बाईंनी तो विकला नाही. मुलगा म्हणे, "आई, भंगारात घाला", आई म्हणे, "तुझे शिक्षण या गाडीवर झाले आहे." तीन वर्षे गाडी धान आणि तेंदूपत्त्याच्या हंगामापुरती चालली आणि त्या अवधीत तेल एकदाही बदलले नाही. पुढे एका हिवाळ्यात धान भरून जात असता तेलाच्या दाबाचा काटा खाली आला, इंजिनात ठोके वाजू लागले आणि गाडी रस्त्यातच थांबली. इंजिन खोलले तो बेअरिंगे खाल्लेली, क्रँकवर चरे पडलेले, आणि चेंबरच्या तळाशी पेजेसारखा करडा गाळ. इंजिन बांधण्यासाठी बाईंना अंगावरचे सोने गहाण टाकावे लागले. त्या वेळी त्यांनी आम्हांस विचारले, "गुरुजी, गाडी चाललीच नाही, तर तेल खराब झाले कसे?"

हा प्रश्न अगदी योग्य आहे, आणि आजचे आमचे सारे बोलणे हे त्याचेच उत्तर आहे.

तेल केवळ घासण्याने खराब होत नाही. डिझेलमध्ये हायड्रोजन असतो. तो जळताना हवेतील प्राणवायूशी मिळून पाणी तयार होते. एक लिटर डिझेल जळले की सुमारे एक लिटर पाणी निर्माण होते. यातील बहुतेक वाफ धुरासोबत सायलेन्सरमधून निघून जाते. परंतु थोडी पिस्टनच्या रिंगांच्या बाजूने खाली चेंबरमध्ये उतरते. इंजिन चांगले तापलेले असेल तर ती वाफ पुन्हा बाहेर पडते. इंजिन थंड असेल तर, भाताच्या भांड्यावरील झाकणाला आतून पाणी सुटावे तसे, तिचे पाणी होऊन ते तेलात मिसळते. त्यात काजळी आणि न जळलेले डिझेल यांची भर पडते. या मिश्रणातून आम्ल तयार होते आणि ते बेअरिंगच्या मऊ धातूला हळूहळू खाते. तेलात आम्ल मारणारी क्षारद्रव्ये घातलेली असतात. पण ती मोजकी असतात आणि वापरून संपतात. मग गाडी उभी राहते आणि ते आम्ल चार महिने निवांतपणे आपले काम करीत बसते. शिवाय उभ्या गाडीत सिलिंडरच्या भिंतीवरील तेलाचा थर निथळून खाली जातो, आणि आपल्याकडील पावसाळी दमट हवेत त्या उघड्या लोखंडाला गंज धरतो.

म्हणजे रोज धावणाऱ्या गाडीचा शत्रू झीज हा असतो, तर उभ्या गाडीचा शत्रू ओल हा असतो. येथून जवळच कमलापूरला वनखात्याचे हत्ती आहेत. दरवर्षी त्यांना काही दिवस रजा देतात. पण रजा म्हणजे त्यांना नुसते उभे करून ठेवीत नाहीत, तर वनौषधींचा काढा करून त्यांचे पाय शेकतात. विश्रांतीच्या काळातही शुश्रूषा लागते हे तेथील माहुतांना पक्के ठाऊक आहे. आपल्या ट्रकलाही तोच न्याय लावला पाहिजे.

आता तेल कोणते घ्यावे या मुख्य प्रश्नाकडे वळू. डब्यावर एक आकड्यांची खूण असते आणि एक अक्षरांची. या दोन खुणा वाचता आल्या, म्हणजे दुकानदाराच्या शब्दावर विसंबण्याचे कारण उरत नाही.

आकड्यांची पद्धत अमेरिकेतील मोटार-अभियंत्यांच्या संस्थेने १९११ साली सुरू केली. तिच्या नावाची एसएई ही अक्षरे डब्यावर असतात. '१५डब्ल्यू-४०' असे लिहिले असेल तर त्यातील डब्ल्यू म्हणजे हिवाळा. पहिला आकडा थंडीत तेल किती सहज वाहते हे सांगतो. तो जितका लहान, तितके तेल थंड इंजिनात लवकर पोहोचते. दुसरा आकडा १०० अंश तापमानाला तेल किती दाट राहते हे सांगतो. आपल्याकडे वैशाखात पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा दुसरा आकडा ४० असावा हे उचित. आणि पौषातील पहाटे दोन महिने उभी असलेली गाडी चालू करताना तेल वरपर्यंत झटकन चढावे, म्हणून पहिला आकडा १५ असावा. गाडीच्या जुन्या पुस्तकात २०डब्ल्यू-४० लिहिले असेल तर तेही येथील हवेला चालते.

येथे एका दृढ समजुतीचा विचार करणे प्राप्त आहे. 'जुन्या इंजिनाला जाड तेल' असे पुष्कळजण सांगतात. ज्या इंजिनाच्या रिंगा झिजल्या आहेत, जे तेल पिते आणि निळा धूर सोडते, त्यात जाड तेलाने धूर थोडा कमी दिसतो हे खरे. परंतु क्वचित चालणाऱ्या गाडीची बरीचशी झीज चालू करतानाच्या पहिल्या क्षणांत होते. आणि तेल जितके जाड, तितके ते बेअरिंगपर्यंत पोहोचण्यास उशीर. ५० नंबरचे तेल घालून धूर झाकण्यापेक्षा रिंगांचे काम करून घेणे हाच खरा उपाय होय.

आता अक्षरांची खूण. अमेरिकन पेट्रोलियम संस्थेच्या पद्धतीप्रमाणे एस अक्षराने सुरू होणारे तेल पेट्रोलच्या इंजिनासाठी आणि सी अक्षराने सुरू होणारे डिझेलच्या इंजिनासाठी असते. सीएच-४ हा दर्जा १९९८ साली आला, सीआय-४ हा २००२ साली, आणि सीके-४ हा २०१६ च्या अखेरीस. जुन्या ट्रकला सीआय-४ दर्जाचे १५डब्ल्यू-४० तेल पुरेसे आहे. सीके-४ घातल्याने अपाय नाही, पण ते नव्या गाड्यांच्या धूर गाळणाऱ्या यंत्रणेची काळजी घेण्यासाठी बनविलेले आहे. ती यंत्रणाच आपल्या गाडीत नाही, तर तिच्यासाठी अधिक पैसे का मोजावे? एफए-४ अशी खूण असलेले तेल मात्र टाळावे. ते अगदी नव्या इंजिनांसाठी मुद्दाम पातळ केलेले असते. त्याचप्रमाणे कारच्या पेट्रोल इंजिनाचे उरलेले तेल ट्रकमध्ये ओतू नये. त्यात डिझेलची काजळी पेलण्याची शक्ती कमी असते, आणि जुन्या इंजिनाच्या कॅम व टॅपेटांना जपणारे जस्त-फॉस्फरसाचे द्रव्यही आताच्या कारच्या तेलात कमी केलेले असते.

सिंथेटिक तेल अधिक टिकते म्हणून घ्यावे काय, असेही विचारतात. ते तेल उत्तमच. परंतु त्यात उतरलेले पाणी आणि आम्ल हे महागड्या तेलाला भीत नाहीत. महाग तेल तीन वर्षे ठेवण्यापेक्षा साधे, योग्य दर्जाचे तेल दरवर्षी बदलणे आमच्या मते कितीतरी शहाणपणाचे आहे. डबा मात्र सीलबंद आणि पावतीसह घ्यावा. बॅरलमधून सुटे मिळणारे तेल स्वस्त असते. पण ते कोणत्या दर्जाचे आहे आणि पूर्वी कोणत्या इंजिनातून फिरून आले आहे, हे विकणाराही सांगू शकत नाही.

तेल काळे झाले म्हणजे बिघडले, असेही समजू नये. डिझेलच्या इंजिनात ते थोड्याच दिवसांत काळे होते, कारण ते काजळी स्वतःत धरून ठेवते, आणि तेच त्याचे काम आहे. भीती बाळगावी ती दुधाळ रंगाची. तेल ओतण्याच्या टोपणाखाली किंवा मोजपट्टीवर पांढुरका फेस दिसला तर आत पाणी आहे असे समजावे. गाडी चांगली तापवून चालविल्यावरही तो फेस राहिला, तर हेड गॅस्केट तपासून घ्यावे.

आता कृतीचा भाग. तेल बदलण्याची वेळ किलोमीटरवरून ठरवू नका, पंचांगावरून ठरवा. तेंदूपत्त्याचा हंगाम आटोपला की मृग लागण्याच्या आत तेल व फिल्टर दोन्ही बदलावे, म्हणजे पावसाळ्यात इंजिन आम्लाच्या तेलात न राहता स्वच्छ तेलात विसावेल. जुने तेल इंजिन गरम असतानाच काढावे. गाळ तेलासोबत निघून जातो. नवे तेल भरल्यावर गाडी थोडी चालवून ते सर्वत्र फिरू द्यावे आणि मगच ती उभी करावी. ज्या गाड्यांच्या एअर क्लीनरच्या वाटीत तेल असते, तेथील तेलही त्याच दिवशी बदलावे. सायलेन्सरचे तोंड पावसाळ्यात झाकून ठेवावे, मात्र गाडी चालू करण्यापूर्वी ते झाकण आठवणीने काढावे.

अनेक घरी दर आठवड्याला पाच मिनिटे इंजिन चालू करून बंद करण्याची रीत आहे. हेतू चांगला, पण त्याने पाणी साठते आणि ते उडून जाण्याइतके इंजिन तापत नाही. त्यापेक्षा महिन्यातून एकदा, रस्ता कोरडा पाहून, गाडी अहेरी किंवा आष्टीच्या रस्त्याने अर्धा-पाऊण तास फिरवून आणावी. बरेच दिवसांनी चालू करताना, बंद करण्याची दांडी ओढून धरून थोडा थोडा सेल्फ मारावा. डिझेल न मिळाल्याने इंजिन पेटत नाही, पण तेलाचा पंप फिरतो. दाबाचा काटा हलला, की दांडी सोडून गाडी चालू करावी. चालू होताच रेस करू नये.

या सर्वांची नोंद कोणी ठेवावी? आमची भगिनींना विनंती आहे की भिंतीवरील कालनिर्णयात ज्या दिवशी दुधाचा हिशेब लिहिता, तेथेच ट्रकच्या तेलाची तारीखही लिहावी. गाडी पुरुष चालवितात, पण गहाण पडते ते घरातील सोने. म्हणून ही तारीख घरातील सर्वांस ठाऊक असली पाहिजे.

काढलेले जळके तेल नाल्यात ओतू नका. आपले ओढेनाले शेवटी प्राणहितेला मिळतात आणि तेच पाणी पुढे सिरोंच्याला जाते. घातक कचऱ्याविषयीच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे असे तेल नोंदणीकृत कारखान्यांकडेच जावयास हवे. ते डब्यात साठवून, जो व्यापारी अशा कारखान्यांना तेल पोचवितो त्याच्याकडे एकत्र द्यावे. आपल्या संस्थेने यासाठी एक पिंप ठेवावे अशी आमची सूचना आहे.

राहता राहिला प्रश्न गाडी ठेवावी की विकावी. १५ वर्षांवरील गाड्यांच्या योग्यता प्रमाणपत्राची फी एप्रिल २०२२ पासून पुष्कळ वाढली आहे, म्हणून प्रत्येक घराने आपला हिशेब शांतपणे मांडावा. विकणे ठरले तर त्यात कमीपणा नाही. परंतु तो निर्णय घरातील माणसांनी एकत्र बसून, चालत्या गाडीचा भाव हाती असताना घ्यावा. एका डब्याच्या आळसामुळे इंजिन जाम होऊन तो आपल्यावर लादला जाऊ नये. चालती गाडी विकणारा चार पैसे मागू शकतो. बंद पडलेल्या गाडीच्या मालकाला भंगारवाला सांगेल तोच भाव घ्यावा लागतो.

 मृग नक्षत्र लागण्यापूर्वी ज्ञातीतील प्रत्येक उभ्या ट्रकमध्ये नवे तेल पडलेले असावे, एवढीच इच्छा व्यक्त करून आम्ही आपली रजा घेतो.