पाटाच्या कडेनं, ल्वारच्या कडेनं
(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)

आदरणीय सर, बाई आणि 1995 च्या दहावीच्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

मला विषय दिलाय ‘फ्रान्समधला सायकलप्रवास’ आणि वेळ दिलाय दहा मिनिटं. माझे पेपर कधीच वेळेत संपायचे नाहीत, हे समोर बसलेल्या बाईंना चांगलं आठवत असेल. तरी प्रयत्न करते.

आधी एक गैरसमज दूर करते. मी सायकलपटू वगैरे नाही. सॉफ्टवेअरमध्ये आहे, दिवसाचे नऊ-दहा तास खुर्चीत जातात. कंबर आणि रक्तदाब, दोन्हींची डॉक्टरांकडे फाइल आहे. अशा बाईनं दोन वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये ऑफिसातल्या एका मैत्रिणीबरोबर सहा दिवसांत सुमारे अडीचशे किलोमीटर सायकल चालवली. यात माझं कौतुक कमी आणि त्या रस्त्याचं जास्त आहे.

ल्वार ही फ्रान्समधली सर्वांत लांब नदी, हजार किलोमीटरहून थोडी मोठी. तिच्या काठाकाठानं समुद्रापर्यंत सुमारे 900 किलोमीटरचा सायकलमार्ग आहे. आम्ही त्यातला नव्हेर ते ब्लुआ एवढाच तुकडा केला. सायकली तिथेच भाड्यानं घेतल्या. एका गावात घ्यायची आणि दुसऱ्या गावात परत द्यायची, अशी सोय असते. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना पिशव्या. त्यात कपडे, तंबू, भाजणीचं पीठ आणि मेतकूट.

हा रस्ता कसा तयार झाला, यातच माझ्यातल्या इंजिनिअरला गंमत वाटली. तो बराचसा नव्यानं बांधलेला नाही. काही भाग म्हणजे पुरापासून शेतं वाचवायला शेकडो वर्षांपूर्वी घातलेले मातीचे बांध. काही भाग म्हणजे कालव्याची कड, जिथून पूर्वी घोडे आणि माणसं दोरानं बोटी ओढत नेत. जंगलात वनखात्याच्या वाटा. फ्रान्समध्ये इतर ठिकाणी बंद पडलेल्या रेल्वेमार्गांचे रूळ काढूनही असे रस्ते केलेत. म्हणजे जुनं, कामातून गेलेलं जे होतं, तेच साफ केलं, पाट्या लावल्या आणि सावकाश जाणाऱ्यांना देऊन टाकलं. मोटारींची वर्दळ जवळजवळ नाही.

ब्रियारला तर कालवाच नदीवरून पुलानं जातो. 1896 साली सुरू झालेला हा पूल 662 मीटर लांब आहे. त्याआधी बोटींना नदी आडवी ओलांडावी लागे आणि पाणी वाढलं की ते जिवावर बेतायचं. आता खाली नदी, वर पाण्यानं भरलेला पूल, त्यावरून बोट चाललीय आणि तिच्या बाजूनं आपण सायकल हातात धरून चालतोय. मी अर्धा तास तिथेच उभी होते.

शेवटच्या दिवशी शांबोरचं जंगल. राजवाडा सगळे बघतात, पण त्याभोवती 5,440 हेक्टरचं राखीव जंगल आहे आणि त्याला 32 किलोमीटरची दगडी भिंत आहे. त्या भिंतीतल्या दारातून आत शिरलं की सरळसोट वाट, दोन्ही बाजूंना ओक आणि पाइन, आणि स्वतःच्या चेनचा आवाज.

सगळं चित्रातल्यासारखं नव्हतं. वाटेत अणुवीज केंद्रांची अवाढव्य धुराडी दिसतात. ती खरं तर वाफेची असतात, पण तासन्‌तास पाठ सोडत नाहीत. खेड्यातली दुकानं दुपारी बारा ते दोन बंद, सोमवारी तर बरीचशी दिवसभर बंद. पहिल्याच सोमवारी आम्ही कोरडी भाजणी पाण्यात कालवून खाल्ली. पाणी संपलं तर कुठे बघायचं? दफनभूमीत. फुलझाडांसाठी तिथे बहुतेक नळ असतो, पिण्याजोगा आहे का ते मात्र पाटीवर बघून घ्यायचं. मुक्कामाला बऱ्याच गावांत नगरपालिकेचंच तंबूचं मैदान मिळतं.

सायकलनं भटकण्याच्या या प्रकाराला फ्रान्समध्ये वळण लावलं पोल द व्हिव्ही या माणसानं. व्हेलोसिओ या नावानं तो लिहायचा, 1930 साली गेला. भूक लागण्याआधी खा, तहान लागण्याआधी प्या आणि निव्वळ मिरवण्यासाठी पेडल मारू नका, अशा अर्थाचे त्याचे नियम आहेत. सायकलला गिअर हवेत म्हणूनही तो भांडला. टूर द फ्रान्स सुरू करणारे आंरी देग्रांज यांचं मत उलटं होतं. गिअर हे पंचेचाळिशीच्या पुढच्यांनी वापरावेत, असं ते म्हणत. त्यांच्या शर्यतीत आधुनिक गिअरला परवानगी मिळायला 1937 साल उजाडलं. तर मंडळी, आपण सगळे आता अधिकृतपणे गिअरला पात्र आहोत.

आता मूळ गोष्टीवर येते.

नदी समुद्राकडे उतरते, मग तिच्या दिशेनं गेलं की सोपं, असा मी हिशोब केला होता. उतार इतका नगण्य की तो पायांना कळतच नाही. कळतो तो वारा, आणि तो बहुतेक समुद्राकडून, म्हणजे समोरून येतो. तिसऱ्या दिवशी उघड्या बांधावर मी रडकुंडीला आले. मैत्रीण पुढे निघून गेली होती. तेवढ्यात सत्तरीच्या एक आजी मागून आल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हातानं खूण केली, ‘माझ्या मागे राहा.’ पुढच्यानं वारा अडवला की मागच्याचे कष्ट बरेच कमी होतात. तासभर त्या पुढे राहिल्या. भाषा एकमेकींची येत नव्हती. स्युलीच्या किल्ल्यापाशी हात हलवून त्या निघून गेल्या.

त्या रात्री तंबूत मला झोप लागली नाही. मला आपल्या पाटाचा रस्ता आठवत होता.

आमच्या वस्तीवरून शाळा सहा किलोमीटर. डांबरी रस्त्यानं ट्रक असायचे म्हणून आम्ही पाटाच्या कडेनं यायचो. आठवीत माझ्या कॅरियरवर एक मैत्रीण बसायची. तिच्या घरी सायकल नव्हती. निम्म्या वाटेत आम्ही अदलाबदल करायचो, ती चालवायची आणि मी मागे. नववीत बाबांनी मला नवी सायकल घेतली. कॅरियर बसवू का, असं दुकानदारानं विचारलं, तेव्हा मी नको म्हटलं. बिनकॅरियरची सायकल दिसायला भारी, हे एक कारण. डबलसीटनं दमायला होतं, हे दुसरं. तिला मी सांगितलं, ‘कॅरियरच नाही गं.’

ती काही आठवडे चालत आली. पावसाळ्यात खाडे वाढले. दिवाळीनंतर तिचं नाव पटावरून गेलं.

हे मी तिला विचारून सांगतेय. ती म्हणाली, ‘अगं, घरचीच अडचण होती. तुझ्या कॅरियरचं काय घेऊन बसलीस?’ असेलही तसं. पण ती अडचण ओढायला मी हात लावला असता तर काय झालं असतं, हे आता कळायचा मार्ग नाही. आजच्या यादीत तिचं नाव नव्हतं, कारण यादी दहावीची आहे आणि ती दहावीला बसलीच नाही. मी हट्टानं तिला घेऊन आलेय. तिसऱ्या रांगेत बसलीय. जेवताना तिला भेटा.

आता शेवटचं. आपल्या बॅचतर्फे शाळेला कमान बांधायचा विचार चाललाय, हे मला माहीत आहे. वर्गणी मीही दिलीय. पण परवा मी पाटाच्या रस्त्यानं चालत आले. वेड्या बाभळीनं निम्मा रस्ता खाल्लाय. डांबरी रस्ता चौपदरी झालाय, तिथे आठवीतल्या मुलीला सायकल घेऊन कोण पाठवेल? ज्यांना रिक्षा परवडते, त्यांची मुलं रिक्षानं येतात. ज्यांना परवडत नाही, त्यांच्या मुली अजूनही मध्येच थांबतात, असं मुख्याध्यापकांनीच मला सांगितलं.

फ्रान्सनं केलं ते यापेक्षा फार वेगळं नाही. कालव्याची कड होतीच, ती चालती केली. आपल्याकडेही पाटाची कड आहेच. रीतसर परवानगी काढू, बाभळी काढू, मुरूम टाकू, आणि उरलेल्या पैशांत सायकली घेऊ. कमानीवर आपली नावं आली असती, इथे येणार नाहीत, एवढाच फरक.

आणि सायकली घेताना एक अट. प्रत्येकीला कॅरियर हवं.