देशाटन आणि घरची मिळकत

(नभोवाणीवरील भाषण)

देशाटनानें मनुष्य शहाणा होतो, हें आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. परंतु त्या देशाटनाचा खर्च कोणीं व कसा सोसावा, हें सांगण्याच्या भानगडींत आपले सुभाषितकार पडले नाहींत. बायको, शाळेंत जाणारीं दोन मुलें आणि वृद्ध आईबाप यांना घेऊन आठ दिवस परक्या मुलखांत हिंडून यावें, हा विचार तसा अलीकडचाच आहे. पण आज तो मध्यम स्थितींतील घरांत इतका रुजला आहे कीं, दिवाळी किंवा मे महिना जवळ आला म्हणजे "यंदा परदेशीं जावें, कीं जवळच कोठें जावें?" हा प्रश्न रात्रीच्या जेवणाच्या वेळीं निघतोच. त्या प्रश्नाच्या हिशेबाच्या बाजूकडे आज आपलें लक्ष वेधावयाचें आहे.

आरंभींच 'परवडणें' या शब्दाचा अर्थ ठरवून घेऊं. बँकेंत शिल्लक आहे म्हणून सहल परवडते, असें नाहीं. आणि हप्त्यांनीं पैसे फेडतां येतात म्हणून परवडते, असें तर मुळींच नाहीं. ऋण काढून सण करूं नये, हें आपल्या घरांतलें जुनें शहाणपण आहे. सहलीसाठीं कर्ज देणाऱ्यांच्या जाहिराती मोठ्या गोड असतात. तथापि सहलीचा आनंद आठ दिवसांचा आणि हप्ता छत्तीस महिन्यांचा, असा हा व्यवहार आहे. माझ्या मतें, परत आल्यावर ज्या सहलीपायीं घरांतील एकहि महिना ओढगस्तीचा जात नाहीं, आणि जिच्यासाठीं घरांतील कोणालाहि केवळ खर्च वांचविण्याकरितां मागें ठेवावें लागत नाहीं, ती सहल परवडली असें म्हणावें.

आतां एक साधें उदाहरण सोडवूं. पुण्याचें एक कुटुंब घ्या. आजोबा शहात्तर वर्षांचे, आजी सत्तर वर्षांच्या, वडील, आई, चौदा वर्षांचा मुलगा आणि आठ वर्षांची मुलगी. हीं सहा माणसें एस. टी. नें दापोलीस निघालीं. आपल्या राज्यांत पंचाहत्तर वर्षांवरील वृद्धांना ऑगस्ट २०२२ पासून एस. टी. चा प्रवास मोफत झाला. पासष्ट ते पंचाहत्तर वयाच्या ज्येष्ठांस अर्धें तिकीट आहे. मार्च २०२३ पासून स्त्रियांनाहि अर्धेंच तिकीट पडतें. आणि पांच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धें तिकीट तर पूर्वींपासूनच आहे. म्हणजे आजोबांचें शून्य, आजींचें अर्धें, आईचें अर्धें, मुलीचें अर्धें, आणि वडील व मुलगा यांचीं दोन पूर्ण. सहा माणसें, साडेतीन तिकिटें!

हेंच कुटुंब युरोपास जावयाचें म्हणतें. विमानांत दोन वर्षांखालील तान्ह्या मुलास मांडीवर नेतां येतें. पुढें प्रत्येकास स्वतंत्र आसन घ्यावेंच लागतें. म्हणजे सहा माणसें, सहा तिकिटें. त्याच्या आधीं पासपोर्ट हवा. प्रौढाच्या साध्या पासपोर्टाचें शुल्क १५०० रुपये आहे. मग व्हिसा. फ्रान्स, जर्मनी, इटली इत्यादि शेंगेन गटांतील देशांच्या व्हिसाचें शुल्क जून २०२४ पासून माणशीं ९० युरो झालें. सहा ते बारा वर्षांखालील मुलांस ४५ युरो. आमच्या कुटुंबांत पांच जणांचे ४५० आणि मुलीचे ४५, मिळून ४९५ युरो झाले. हिशेबाच्या सोयीसाठीं एका युरोस १०० रुपये धरले, तर ही रक्कम साडेएकोणपन्नास हजार होते. व्हिसा नाकारला गेला तरी यांतील एक पैहि परत मिळत नाहीं. शिवाय प्रत्येकाचा निदान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा असावा लागतो, आणि वृद्धांच्या विम्याचा हप्ता तरुणांच्यापेक्षां चढाच असतो. हा सगळा खर्च विमानाच्या पायरीवर पाऊल पडण्यापूर्वींचा आहे.

या उदाहरणांतून एक नियम निघतो. परदेशचा बराचसा खर्च डोक्यागणिक वाढतो. जवळचा खर्च खोलीगणिक, गाडीगणिक आणि चुलीगणिक वाढतो. कोंकणांतील एखाद्या घरगुती बिऱ्हाडीं एक गादी जास्त घातली किंवा पंगतींत एक पान वाढलें, तर फारसा फरक पडत नाहीं. म्हणून नवराबायको दोघेंच असतील तर परदेश कदाचित् आटोक्यांत येईल; कुटुंब जसजसें मोठें, तसतसें तें पारडें जड होत जातें. आणि मग पहिली काटछांट कोणावर येते? आजीआजोबांवर! "तुम्हांला एवढी दगदग सोसणार नाहीं," असें आपण मोठ्या मायेनें म्हणतों. कित्येकदां तें खरेंहि असतें. पण कित्येकदां त्या मायेच्या पोटांत दोन तिकिटांची किंमत दडलेली असते, आणि म्हातारीं माणसें तें न बोलतां ओळखतात.

तथापि एवढ्यावरून 'देश तेवढा स्वस्त आणि परदेश तेवढा महाग' असें ठरविणें न्यायाचें होणार नाहीं. नेपाळचेंच पाहा. गोरखपूरपर्यंत आगगाडीनें जावें आणि सोनौलीची सीमा ओलांडावी. भारतीय नागरिकास तेथें व्हिसा लागत नाहीं. रस्त्यानें जाणाऱ्या प्रौढास मतदार-ओळखपत्रहि चालतें. नेपाळी चलनाचा भाव १९९३ पासून आपल्या एका रुपयास १.६० असा बांधलेला आहे, तेव्हां नाण्याच्या चढउताराची धास्ती नाहीं. थायलंडनें नोव्हेंबर २०२३ मध्यें आणि मलेशियानें डिसेंबर २०२३ मध्यें भारतीय प्रवाशांपुरती व्हिसाची अट सैल केली. अशा सवलती मुदतीच्या असतात, म्हणून निघण्यापूर्वीं त्या पाहून घ्याव्या. उलट ऐन मे महिन्यांत विमानानें काश्मीर किंवा अंदमान गांठणारें कुटुंब परदेशाइतकाच खर्च करून बसण्याचा संभव असतो. शेजार म्हणजे स्वस्ताई, हाहि समज खरा नव्हे. भूतान आपल्या उंबऱ्याशीं आहे; पण सप्टेंबर २०२२ पासून तेथें भारतीय प्रवाशास प्रत्येक रात्रीस १२०० रुपये शुल्क पडूं लागलें, आणि सहा ते बारा वर्षांखालील मुलांस त्याच्या निम्मे. आमच्या सहा जणांस एका रात्रीचे ६६०० रुपये झाले; त्यांत राहणें नाहीं कीं जेवण नाहीं. तेव्हां खरी रेषा नकाशावरची सरहद्द नव्हे. विमान लागतें कीं नाहीं, आणि हंगाम कोणता, या दोन गोष्टींनीं ती आंखली जाते.

हंगामाच्या बाबतींत शाळेंत जाणाऱ्या मुलांचे आईबाप सर्वांत असहाय असतात. सुट्ट्या ठरलेल्या, आणि सर्वांच्या एकाच वेळीं. त्यामुळें भाडीं चढतात तीं नेमकीं तेव्हांच. आगगाडीचें आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून साठच दिवस आधीं खुलें होऊं लागलें. पूर्वीं तें एकशेंवीस दिवस आधीं होत असे. ज्येष्ठांची रेल्वे-सवलत तर मार्च २०२० मध्येंच बंद झाली. म्हणजे जवळचा प्रवासहि न योजतां केला तर महागच पडतो.

परदेशाच्या खर्चांत आणखी कांहीं बारीक कलमें असतात, तींहि वहींत मांडावीं. सहलीच्या एकत्रित शुल्कावर ऑक्टोबर २०२० पासून आगाऊ कर घेतला जाऊं लागला. प्राप्तिकरांत त्याची वजावट मिळते, परंतु तोंपर्यंत पैसा अडकून पडतो. कार्डानें परक्या चलनांत खर्च केल्यास बँक वर आपला आकार लावते. आणि नोकरदारांस मिळणारी प्रवास-सवलतीची करमाफी फक्त भारतांतील प्रवासाला, तीहि जुन्या पद्धतीनें कर भरणारास आणि चार वर्षांत दोनदांच, लागू होते.

पैशाखेरीज आणखी एक हिशेब आहे, आणि शिक्षक या नात्यानें तो मला अधिक महत्त्वाचा वाटतो. जून महिन्यांत शाळा उघडली म्हणजे "मी सुट्टी कशी घालविली" या विषयावर निबंध लिहून घेण्याची जुनी चाल आहे. माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत त्या निबंधांतून परदेशांतील शहरांचीं नांवें येऊं लागलीं, त्याचा मला आनंदच वाटे. परंतु त्याबरोबरच आणखी एक वाक्य वारंवार येऊं लागलें: "आम्ही कोठेंच गेलों नाहीं, फक्त मामाच्या गांवीं गेलों." पुढें त्याच मुलानें विहिरींत पोहायला शिकल्याचें, आंब्यांच्या अढीचें, रात्रीं अंगणांत निजून तारे मोजल्याचें असें कांहीं वर्णन केलेलें असे कीं, वर्गांत तोच निबंध मोठ्यानें वाचून दाखवावा. तरी आरंभीं 'कोठेंच नाहीं' आणि 'फक्त' हे दोन शब्द. दहा वर्षांच्या मुलाच्या लेखणींत ते आले कोठून? आपल्याच दिवाणखान्यांतील बोलण्यांतून! मामाचें गांव हें 'कोठेंच नाहीं' असें ज्या घरांत मुलाला वाटूं लागतें, तें घर युरोपची सहल सहज करूं शकत असलें तरी कांहीं तरी गमावून बसलें आहे.

आणि जवळ पाहण्यासारखें थोडें का आहे? दापोलीजवळच्या हर्णैच्या समुद्रांतील सुवर्णदुर्ग हा, जुलै २०२५ मध्यें युनेस्कोनें जागतिक वारसा म्हणून मान्य केलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकीं एक आहे. अजिंठा आणि वेरूळ यांना तो मान १९८३ सालींच मिळाला. तीं लेणीं पाहण्यासाठीं परदेशी पाहुणा सातासमुद्रांपलीकडून येतो आणि दाराशीं सहाशें रुपये भरतो; आपल्याला चाळीस पडतात आणि पंधरा वर्षांखालील मुलांना कांहींच पडत नाहीं. काखेंत कळसा आणि गांवाला वळसा, असें आपलें होऊं नये, एवढेंच.

मग परदेशीं जाऊंच नये काय? अवश्य जावें. निराळी भाषा, निराळी शिस्त, रस्त्यावरून चालण्याची निराळी रीत हीं पाहून मुलांची दृष्टि विस्तारते, यांत शंका नाहीं. फक्त ती गोष्ट दरवर्षींची नव्हे. ती लग्नमुंजीसारखी आठदहा वर्षांतून एकदां योजून करावयाची. त्यासाठीं वेगळी पुंजी सांठवावी. अंदाजी खर्चास छत्तीसनें भागावें. येणारी रक्कम दरमहा आजारपणाच्या व शिक्षणाच्या शिलकीस हात न लावतां बाजूस पडत असेल, तर तीन वर्षांनीं खुशाल जावें. पडत नसेल, तर बेत पुढें ढकलावा. मधल्या प्रत्येक वर्षीं मात्र घरांतील सर्वांनीं मिळून जवळचा एखादा गांव, किल्ला किंवा समुद्रकिनारा पाहावा. जमाखर्चाच्या वहींत मुलांनाहि बसवावें आणि आकडे त्यांच्याच हातून मांडून घ्यावे. आपल्या आईबापांना काय परवडतें आणि काय परवडत नाहीं, हें मोकळेपणीं ठाऊक असलेलें मूल मामाच्या गांवाहून आल्यावर 'फक्त' हा शब्द लिहीत नाहीं.