अंगावर काढलेली दुखणी



ज्या दोन गोष्टी आपण चारचौघींतही कुजबुजत बोलतो, त्या म्हणजे बायकांची गुप्त दुखणी आणि पुरुषांची दारू. गडचिरोलीच्या डॉ. राणी बंग यांनी दोहोंनाही हात घातला.

दोन खेड्यांतील ६५० स्त्रिया त्यांनी तपासल्या. १९८९ साली तो अभ्यास ‘लॅन्सेट’ ह्या विलायती वैद्यकीय नियतकालिकात आला. शंभरांत ९२ जणींना काही ना काही विकार होता. पूर्वी तपासणी झालेल्या अवघ्या ८. बाकीच्यांनी सारे अंगावर काढलेले! आपल्या धाराशिवकडे फार निराळे असेल, असे मला तरी वाटत नाही.

पुढे डॉ. अभय बंग व गावोगावच्या बाया यांच्या चळवळीने १९९३ साली त्या जिल्ह्यात दारूबंदी झाली. पण कायद्याने शरीराची सवय सुटत नाही. जुन्या पिणाऱ्याने एकाएकी सोडली तर हातपाय कापतात, कधी फेफरेही येते. म्हणून ती डॉक्टरांच्या नजरेखालीच सोडवावी.

आणि नवरा पिऊन आला की बाईला ‘नको’ म्हणता येत नाही. बाहेरचा रोग घरात येतो. तेव्हा एकट्या तिला औषध देऊन भागत नाही, त्यालाही घ्यावे लागते. हे त्याला सांगायचे कोणी?

ज्यांना खाजगी विचारायचे असेल, त्यांनी चहानंतर थांबावे. सुनांनाही थांबू द्यावे.